पीसीओएस, डबा आणि संध्याकाळची भूक

प्रश्न थोडक्यात असा : वय २६, उंची १५७ सेंटीमीटर, राहायला डोंबिवली, नोकरी परळला. पाळी ५०-६० दिवसांनी येते, हनुवटीवर केस आहेत, सोनोग्राफीत 'पीसीओडी' लिहून आलं. वजन कमी करा असं सांगितल्यावर दूध, गहू, भात आणि साखर एकदम बंद केलं. वजन ७१ वरून ६६ किलोवर आलं आणि दोन महिन्यांत परत ६९ झालं. आता केस मूठमूठ गळतात आणि संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर वडापाव खाल्ल्याशिवाय राहवत नाही. मग नक्की खायचं काय, सोडायचं काय?

वडापावपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाची गुरुकिल्ली तिथेच आहे. एक वाजता डबा खाल्ला, त्यातही पोळी-भात नाही म्हणून नुसती भाजी आणि काकडी. मग साडेसहापर्यंत दोन चहा, पुढे दीड तास उभ्याने प्रवास. आठ वाजता डोंबिवलीला उतरलात तेव्हा पोटात सात तास नीट काही गेलेलं नसतं. त्या क्षणी तळलेल्या वड्याचा वास आला आणि पाय वळले, तर त्यात मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही. शरीर दिवसभराची उधारी वसूल करतं. म्हणून आपण वडापावशी झगडत बसायचं नाही, दुपारचा डबा आणि साडेपाचचं खाणं दुरुस्त करायचं.

आता शरीरात काय चाललं आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक सूचना का आहे हे आपोआप कळेल. पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (तुमच्या रिपोर्टातलं 'पीसीओडी' हेच), असलेल्या बहुतेक स्त्रियांत, सडपातळ असलेल्यांतसुद्धा, कमी-अधिक इन्सुलिन रेझिस्टन्स असतो. इन्सुलिन हे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक. म्हणजे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. अडचण अशी की अंडाशय मात्र या इन्सुलिनला पूर्ण दाद देत राहतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशयातल्या पेशी जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, तयार करतात. त्याच वेळी यकृत एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी बनवतं. हे प्रोटीन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यातून हनुवटीवर केस येतात, पिंपल्स येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. अंडाशयातली बीजं वाढायला लागतात, पण पूर्ण पिकण्याआधीच थांबतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' म्हणजे हीच अर्धवट थांबलेली, दोन ते नऊ मिलिमीटरची बीजपुटकं. त्या गाठी नव्हेत, त्या 'विरघळवायच्या' नसतात आणि त्यासाठी कुठला काढा घ्यायचाही नसतो. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी अशा अंडाशयांचं वर्णन केलं आणि दिसतं त्यावरून पडलेलं 'पॉलिसिस्टिक', म्हणजे अनेक गाठींचं, हे नाव आजतागायत चिकटून राहिलं. खरा बिघाड संप्रेरकांचा आणि चयापचयाचा आहे.

आहाराचं काम यातून स्पष्ट होतं : दिवसभरात इन्सुलिनला कमी वेळा आणि कमी जोराने धाव घ्यावी लागेल असं खाणं ठेवायचं आणि पोटाचा घेर हळूहळू उतरवायचा. यासाठी कुठलाही एक विशिष्ट डाएट, कीटो (पोळी-भात जवळजवळ बंद) असो की ग्लुटेनविरहित (गहू बंद), दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हेच सांगितलं आहे. म्हणजे निवड तुमच्या हातात आहे, आणि जे खाणं तुम्ही दोन वर्षं सांभाळू शकाल तेच तुमच्यासाठी योग्य. गहू आणि दूध सोडून पीसीओएस सुधारतो याला पुरावा नाही. दोन्ही परत सुरू करा. पिंपल्स फार असतील आणि दुधाने वाढतात असं वाटत असेल, तर सहा आठवडे फक्त दूध थांबवून बघा, दही-ताक चालू ठेवा. फरक पडला नाही तर परत प्यायला लागा.

तुमच्या आधीच्या खाण्यात, आणि मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांतल्या खाण्यात, सगळ्यात मोठी खोट प्रोटीनची आहे. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री भात आणि पातळ वरण. याची बेरीज तीस-पस्तीस ग्रॅम प्रोटीनच्या पुढे क्वचितच जाते. ६९ किलो वजनाला साधारण ६० ते ६५ ग्रॅम हवं. प्रोटीन पुरेसं असलं की पोट भरल्यासारखं वाटतं, जेवणानंतर साखर हळू चढते आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. स्नायू टिकले पाहिजेत, कारण रक्तातली साखर खपवणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक तोच आहे.

आता माप. वाटी म्हटलं की १५० मिलिलिटरची धरा. घरातल्या वाट्या फार वेगवेगळ्या असतात, एकदा मोजून एक वाटी ठरवून टाका. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर पहिला आठवडा वापरा, नंतर डोळ्याला अंदाज येतो.

सकाळी सव्वासातची गाडी असेल तर न्याहारी रात्रीच अर्धी तयार हवी. अर्धी वाटी सालीचे मूग, म्हणजे साधारण ६० ग्रॅम, रात्री भिजत घाला. सकाळी आलं-मिरची घालून वाटा, आंबवायची गरज नाही. लोखंडी तव्यावर तीन धिरडी होतात, तेल सगळं मिळून दीड चमचा. यातून १४ ग्रॅम प्रोटीन मिळतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कुरकुरीत व्हावं म्हणून अर्धं तांदळाचं पीठ घालणं. मग ते मुगाचं धिरडं राहत नाही, तो डोसाच होतो. एक चमचा रवा घातला तरी कडा छान सुटतात. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक पोळी, पाच मिनिटांत काम. पोहे सोडायची गरज नाही, पण पोह्यांचं प्रमाण अर्धं करा आणि उरलेलं अर्धं वाफवलेले मोड, मटार आणि मूठभर शेंगदाण्यांनी भरा. नाचणीच्या सत्त्वाबद्दल सावध राहा. नाचणी चांगली, पण सत्त्व म्हणजे वस्त्रगाळ पीठ, ते शिजवून गूळ घालून प्यायलं की साखर झपाट्याने चढते. तीच नाचणी भाकरीत खाल्ली तर जास्त बरी.

डब्याकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. चार कप्प्यांचा डबा असेल तर दोन कप्पे भाजी-कोशिंबिरीचे, एक उसळीचा, एक पोळ्यांचा. दोन मध्यम पोळ्या पुरेत, प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या. उसळीसाठी माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी किंवा चवळी घ्या, म्हणजे एक तृतीयांश वाटी. भिजून, मोड येऊन, शिजून ती वाटीभर होते आणि ९-१० ग्रॅम प्रोटीन देते. फोडणीला एक चमचा तेल, गोडा मसाला, आमसूल. चिमूटभर गूळ घातला तर आकाश कोसळत नाही. उसळ 'आहे' पण उपयोगाची नाही असं पुष्कळ डब्यांत दिसतं : रस्सा भरपूर, दोन बटाटे चिरून घातलेले, आणि मटकी मोजून दोन चमचे. उसळीत चमचा उभा राहावा इतकी ती दाट हवी. भाजी दीड वाटी घ्या, गवार, तोंडली, दुधी, शेपू, मेथी, तांबडा माठ, जे बाजारात ताजं असेल ते. सोबत छोट्या डबीत दही. असा डबा १८-२० ग्रॅम प्रोटीनचा होतो. खाताना आधी कोशिंबीर आणि उसळ सुरू करा, पोळी नंतर घ्या. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

आणि साडेपाचचं खाणं. हे ऑफिसमधून निघायच्या आधी, खुर्चीवर बसून खायचं. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्ध्या टेकलेल्या अवस्थेत डबी उघडता येत नाही आणि मग ते राहूनच जातं. मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, आणि एक ग्लास ताक. किंवा उकडलेलं अंडं आणि एक पेरू. किंवा २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं. हो, केळं चालतं. बॅगेत एक स्टीलची डबी कायमची फुटाण्यांची ठेवा, पंधरवड्याने भरा. हे दहा दिवस नियमाने केलंत की आठ वाजताचा वडापाव 'आठवेल', पण ओढणार नाही. आणि आठवड्यातून एकदा मैत्रिणींबरोबर मुद्दाम खाल्लात तर खुशाल खा. त्यात मैदा, बटाटा आणि तेल आहे, प्रोटीन जेमतेम पाच-सहा ग्रॅम, म्हणून त्या दिवशी रात्री भात-पोळी वगळून पिठलं किंवा मासे आणि भाजी घ्या.

रात्रीचं जेवण नऊच्या आत झालं तर उत्तम, पण डोंबिवलीला आठला उतरणाऱ्या बाईला सातला जेवा असं सांगण्यात अर्थ नाही. साडेपाचचं खाणं असेल तर रात्री आपोआप कमी जेवलं जातं. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोन-तीनदा घ्या. स्वस्त, आणि ओमेगा-३ भरपूर. मध्यम बांगड्यातून १८-२० ग्रॅम प्रोटीन मिळतं. रवा लावून तेलात पोहायला लावू नका, तव्यावर दोन चमचे तेलात होतो, नाहीतर तिरफळ घालून आमटी करा. शाकाहारी असाल तर ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि सोबत वाटीभर दाट वरण, किंवा ८०-१०० ग्रॅम पनीर, किंवा ३० ग्रॅम सोया चंक्स. सोयाने संप्रेरकं बिघडतात ही भीती नेहमीच्या खाण्याच्या प्रमाणात निराधार आहे.

भात बंद करू नका. कोकणातल्या घरात वाढलेल्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि जेवल्यासारखं वाटलं नाही की रात्री अकराला फ्रिज उघडला जातो. एक सपाट वाटी शिजलेला भात घ्या, त्यावर वाटीभर दाट वरण. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅम प्रोटीन असतं, दाट वरणात सात. भात त्याच्या दुप्पट असू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

भाकरीबद्दल एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. ज्वारीची भाकरी तंतुमय आहे, चांगली आहे, पण हाताने थापलेल्या एका भाकरीत ६० ग्रॅम पीठ सहज जातं. म्हणजे ती दोन पोळ्यांएवढी झाली. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाणाऱ्या बाईचं पीठ दुप्पट होतं आणि मग 'भाकरी खाऊनही वजन उतरत नाही' ही तक्रार येते. रात्री अर्धी, फार तर एक.

चहा. मुंबईत दिवसाला चार चहा सहज होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. सपाट चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तर ३२ ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. दिवसाची वरून घातलेली साखर एकूण २५ ग्रॅमच्या आत असावी. एकदम बंद करू नका. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, महिन्याभरात जीभ बदलते. चहाचे कप दोनवर आणा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून काही साधत नाही. इन्सुलिनला तिन्हींत फारसा फरक कळत नाही. मारी, डायजेस्टिव्ह, 'मल्टिग्रेन' बिस्किटं मैदा-साखरेचीच बहीणभावंडं आहेत, पुडा उलटा करून घटकपदार्थ वाचा, पहिली दोन-तीन नावं पुरेशी बोलकी असतात.

फळं रोज दोन, चावून खायची. रस नको, घरी काढलेलाही नको. मे महिन्यात हापूसचं काय, हा प्रश्न येणारच. अर्धा किंवा लहानसा एक आंबा, फोडी करून, त्या जेवणातली पोळी किंवा भात कमी करून. आमरस-पुरीचं ताट मात्र एखाद्याच रविवारी.

उपवास हा विषय पुष्कळ मार्गदर्शनात राहून जातो, पण सोमवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र धरलं तर वर्षातले किती दिवस होतात बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही. खिचडीचं ताट, वर बटाट्याची भाजी आणि साखर घातलेलं दूध, असा उपवास इन्सुलिनसाठी मेजवानी आहे. वरईचा भात एक वाटी, त्यावर दाण्याची दाट आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दही, असं ताट ठेवा. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठही चांगलं. पनीर, मखाणे, ताक आहेच. गणपतीत उकडीचे मोदक खा, दोन, जेवणासोबत, त्या वेळचा भात वगळून. सणाला हात आखडून बसलेली बाई दुसऱ्या दिवशी उभ्याने पाच मोदक खाते.

केसगळतीचं कारण बहुधा तुम्ही सगळं एकदम बंद केलंत त्या काळात आहे. झटपट वजन उतरवलं, प्रोटीन आणि लोह कमी पडलं, की दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळायला लागतात. खाणं नीट झालं की पुढच्या काही महिन्यांत थांबतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या, तिथे काही निघालं तर नुसत्या आहाराने भागणार नाही. वजनाचं ध्येय लहान ठेवा. ६९ किलोच्या पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. पाच ते दहा टक्के वजन उतरल्यावर पुष्कळ जणींची पाळी जवळ यायला लागते. महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा जास्त वेग नको. कंबरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर तोही महिन्याला एकदा मोजा. काट्यावर काही हललं नसताना टेप हलते.

इथे एक इशारा, तुमच्यासाठी नाही तर हे वाचणाऱ्या बारीक मुलींसाठी. वजन आधीच कमी, खाणं तुटपुंजं, व्यायाम जबरदस्त, आणि पाळी गेली, अशा मुलीच्या सोनोग्राफीतही पीसीओएससारखं चित्र दिसू शकतं. तिला आणखी कमी खायला सांगणं म्हणजे आगीत तेल. तिची पाळी खाणं वाढवल्यावर येते. वयात येऊन आठ वर्षं झाली नसतील तर नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएसचं लेबल लावूच नये.

तपासण्यांत पैसे कुठे घालायचे तेही सांगते. उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर, ही तपासणी करून घ्या. उपाशी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत हवी. शिवाय टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे). पॅकेजमध्ये 'फास्टिंग इन्सुलिन' किंवा त्यावरून काढलेला 'होमा-आयआर' हा आकडा असेल तर त्यावर वेगळे पैसे घालू नका, त्या आकड्याने उपचार बदलत नाहीत. मेटफॉर्मिन (इन्सुलिन रेझिस्टन्सवरची गोळी) लिहून दिलं असेल तर जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर घ्या. रिकाम्या पोटी घेतल्यामुळे मळमळ आणि जुलाब होऊन पुष्कळ जणी आठवड्यात गोळी सोडतात. डोस कमीपासून वाढवता येतो, डॉक्टरांना विचारा. ती गोळी लांब चालू राहिली तर ब-१२ तपासत राहा, शाकाहारी असाल तर नक्कीच. पीसीओएससाठी विकल्या जाणाऱ्या इनोसिटॉल या पूरकाचा पुरावा मर्यादित आहे. बिया आलटून-पालटून खाण्याच्या 'सीड सायकलिंग'ला ठोस आधार नाही. जवस आणि तीळ चटणी म्हणून खा, पाळीचा दिवस बघायची गरज नाही.

चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि दोन दिवस वजन उचलण्याचा किंवा उठाबशा-जोर असा स्नायूंचा व्यायाम. रात्री जेवल्यावर गच्चीत किंवा सोसायटीत पंधरा मिनिटं चाललात तर साखर तिथल्या तिथे खाली येते.

परिणामाची वाट किती बघायची? भूक आणि ग्लानी दोन-तीन आठवड्यांत सुधारते. पाळीसाठी तीन ते सहा महिने द्या. हनुवटीवरच्या केसांना सहा महिन्यांहून जास्त लागतात आणि आहाराने ते पूर्ण जात नाहीत, लेझर किंवा औषध घ्यायला संकोच करू नका. ९० दिवस पाळी आली नाही तर आधी गर्भधारणेची तपासणी, मग डॉक्टर. गर्भाशयाचं अस्तर महिनोन् महिने साचत राहणं धोक्याचं आहे, आणि तिथे डब्याचा उपयोग नाही. आवाज घोगरा होऊ लागला किंवा दोन-तीन महिन्यांत केस झपाट्याने वाढले, तर लगेच दाखवा.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या जणींना कोणी सांगतं. खाणं सुधारलं की पाळी येण्याआधी बीज सुटतं. पाळी आलेली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत, असं समजू नका. मूल इतक्यात नको असेल तर आजपासूनच काळजी घ्या. हवं असेल तर प्रयत्न सुरू करायच्या किमान महिनाभर आधी फॉलिक ॲसिड सुरू करा, नेहमीची मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम आहे, तुमच्यासाठी वेगळी लागेल का ते डॉक्टर ठरवतील.